प्लाझ्मातला मिर-२९ए खरंच कमी झाला होता का? एका किडनी बायोमार्कर स्टडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका टीचिंग हॉस्पिटलचा नेफ्रोलॉजी विभाग आणि त्याला जोडलेली मॉलिक्युलर लॅब, यांनी मिळून हा स्टडी हातात घेतला होता. रक्तातल्या मायक्रोआरएनए नावाच्या छोट्या रेणूंवरून (मिर-२९ए हा त्यातलाच एक) कोणाची किडनी झपाट्याने खराब होणार ते आधी कळतं का, म्हणजे ते बायोमार्कर (आजाराची मोजता येणारी खूण) म्हणून चालतात का, हे बघायचं होतं. हॉस्पिटलचं किंवा कोणाचंच नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी लॅबच्या बाजूने यात आले ते सॅम्पल पुन्हा तपासायची वेळ आली तेव्हा. मायक्रोआरएनएवर काम करणाऱ्यांना यातलं काही ना काही ओळखीचं वाटेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

टाइप २ डायबेटिसमुळे किडनीवर परिणाम झाला की काही पेशंट वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतात आणि काहींची किडनी बघता बघता हातातून जाते. ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा अंदाज) वर्षाला ५ पेक्षा जास्त अंकांनी सातत्याने घसरत असेल तर केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या गाइडलाइनप्रमाणे ती झपाट्याची घसरण. प्रश्न असा की हा पेशंट त्या गटात जाणार हे आधी कसं कळणार? क्रिएटिनिन (रक्तातला जो कचरा किडनी बाहेर टाकते) फार उशिरा बोलतं, किडनीचं बरंचसं काम गेल्यावर ते वर सरकायला लागतं. लघवीतला अल्ब्युमिन हा प्रोटीन जास्त कामाचा, क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेला की सगळे सावध होतात, पण डायबेटिसच्या काही पेशंटचा ईजीएफआर अल्ब्युमिन फारसा न वाढताच घसरत जातो आणि हेच लोक नजरेतून सुटतात. बायोप्सी तर सगळ्यांची करता येत नाही, रक्तस्रावाचा धोका असतो आणि डायबेटिसमध्ये चित्र सरळ असेल तर ती सहसा करतही नाहीत.

म्हणून मायक्रोआरएनए. आरएनएचे साधारण २२ न्यूक्लिओटाइडचे (आरएनएच्या कड्यांचे) हे तुकडे, नावं मिर-२१, मिर-२९ अशी. यांच्यापासून प्रोटीन बनत नाही, पण प्रोटीन बनवायचा निरोप नेणाऱ्या मेसेंजर आरएनएला चिकटून ते त्याचं काम थांबवतात. १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत पहिला सापडला आणि त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. बायोमार्कर म्हणून यांच्याकडे सगळे वळले ते २००८ च्या सुमारास, जेव्हा दिसलं की एरवी रक्तात पडला की लगेच तुटणारा आरएनए या रूपात मात्र टिकतो, कारण तो एक्सोसोमसारख्या पिशव्यांत बंद असतो नाहीतर आर्गोनॉट-२ नावाच्या प्रोटीनला घट्ट धरून असतो.

किडनीच्या बाबतीत तर कथा तयारच होती. टीजीएफ-बीटा हा सिग्नल देणारा प्रोटीन वाढला की किडनीत फायब्रोसिस (व्रणासारखी कडक ऊती तयार होणं) सुरू होतो, मिर-२१ वाढतो, आणि कोलॅजनला आवरून धरणारा मिर-२९ कुटुंबातला गट खाली जातो. २०१५ मध्ये टाइप १ डायबेटिसच्या पेशंटमध्ये दाखवलं गेलं होतं की रक्तात मिर-२९ए-३पी आणि लेट-७सी-५पी जास्त असलेल्यांची किडनी फेल होण्याकडे वाटचाल कमी, आणि मिर-२१-५पी, लेट-७बी-५पी जास्त असलेल्यांची जास्त. टीमला वाटलं टाइप २ मध्येही हेच बघू, फ्रीझरमध्ये उणे ८० ला जुने प्लाझ्मा आहेतच, पेशंटचं पुढे काय झालं तेही रेकॉर्डमध्ये आहे, म्हणजे वर्षानुवर्षं थांबायला नको. कल्पना चांगलीच होती, आजही मला ती चांगली वाटते.

अडचण कुठे सुरू झाली

पहिला निकाल बघून सगळे खूश झाले. झपाट्याने घसरलेल्या गटात मिर-२९ए स्पष्ट कमी, मिर-४५१ए खूप वाढलेला. दोन्ही एकत्र घेतले की दोन गट जवळजवळ पूर्ण वेगळे पडत होते. मिर-२९ए ची दिशा तर अगदी अपेक्षेप्रमाणे, टीजीएफ-बीटाच्या गोष्टीत चपखल बसणारी. मिर-४५१ए चं काय करायचं हे कोणाला नीट सांगता येईना, पण त्यालाही 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' वगैरे स्पष्टीकरण जोडून झालं होतं आणि पेपरचा ड्राफ्ट तयार होता.

शंका आली ती एका अगदी कोरड्या आकड्यामुळे. आरएनए काढताना प्रत्येक ट्यूबमध्ये सेल-मिर-३९ नावाचा कृमीचा मायक्रोआरएनए ठरावीक मात्रेत घालतात. माणसात तो नसतो, त्यामुळे पीसीआरमध्ये (सायकलमागून सायकल प्रती वाढवत मोजणारी टेस्ट, माल कमी तितकी दिसायला उशीर) तो सगळ्या ट्यूबमध्ये जवळपास सारख्याच सायकलला दिसायला हवा, आणि नसेल दिसत तर त्या ट्यूबमध्ये काहीतरी गडबड आहे. इथे बहुतेक सॅम्पलमध्ये तो एका अरुंद पट्ट्यात होता आणि काही सॅम्पलमध्ये तीन-चार सायकल उशिरा. पीसीआरमध्ये एक सायकल म्हणजे दुप्पट, म्हणजे तीन सायकलचा उशीर हा आठपट फरक झाला. आणि ही उशिराची सॅम्पल जवळजवळ सगळी एकाच गटातली, झपाट्याने घसरलेल्यांची.

मग लॅबच्या वहीतून मागे जात प्रत्येक ट्यूब कुठून आली ते काढलं, आणि इथे चित्र उलगडलं. स्थिर पेशंटचं रक्त ओपीडीत, ठरलेल्या खुर्चीवर, ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या ट्यूबमध्ये घेतलेलं आणि लगेच सेंट्रिफ्यूजला लावलेलं. झपाट्याने घसरलेल्यांपैकी बरेच जण वॉर्डात ॲडमिट असताना घेतलेले, शिरा बारीक झालेल्या, कॅन्युलातून ओढून घेतलेलं रक्त, लॅबपर्यंत यायला उशीर, आणि काहींचं तर डायलिसिससाठी बसवलेल्या कॅथेटरमधून, जो हेपरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) फ्लश केलेला असतो.

हेपरिन हा पीसीआरचा शत्रू आहे. तो आरएनएबरोबरच निघून येतो आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि पॉलिमरेज या पीसीआर चालवणाऱ्या दोन्ही एन्झाइमना अडवतो, म्हणून सेल-मिर-३९ उशिरा. दुसरी गोष्ट हिमोलिसिस, म्हणजे तांबड्या पेशी फुटणं, आणि ती जास्त फसवी, कारण थोड्या प्रमाणातलं हिमोलिसिस डोळ्याला दिसतच नाही. प्लाझ्मा गुलाबी दिसेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. मिर-४५१ए आणि मिर-१६ हे दोन्ही तांबड्या पेशींमध्ये भरपूर असतात, पेशी फुटल्या की ते प्लाझ्मात येतात. म्हणजे आमचा सगळ्यात जोरदार 'मार्कर' किडनीबद्दल नाही तर सुईबद्दल बोलत होता.

आता मिर-२९ए कडे बघा, मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो तर तांबड्या पेशींचा मार्कर नाही, मग तो कमी का दिसला? कारण नॉर्मलायझेशन मिर-१६ वर केलेलं होतं. प्रत्येक मायक्रोआरएनएचा आकडा मिर-१६ च्या तुलनेत मोजायचा असं ठरलेलं, बऱ्याच जुन्या पेपरमध्ये तसंच आहे. पण फुटलेल्या पेशींमुळे मिर-१६ वर गेला की त्याच्या तुलनेत मोजलेलं बाकी सगळं आपोआप खाली जातं. मिर-२९ए खाली गेलाच नव्हता, मोजपट्टी वर सरकली होती. आणि तो नेमका त्याच दिशेने सरकलेला दिसला जी दिशा जीवशास्त्राने आधीच सांगून ठेवली होती, म्हणून कोणालाच शंका आली नाही. निकाल उलटा आला असता तर पहिल्याच दिवशी सगळ्यांनी प्लेट (पीसीआरमध्ये सॅम्पल लावायचा ट्रे) पुन्हा लावली असती.

मधेच आलेली एक पेशंट

हे सगळं चालू असताना ओपीडीत एक प्रसंग झाला. पन्नाशीतल्या एक बाई, बरीच वर्षं डायबेटिस, लघवीतलं प्रोटीन काही महिन्यांत एकदम वाढलेलं, लघवीत सूक्ष्म प्रमाणात रक्त, आणि डोळे तपासले तर रेटिनोपॅथी (डायबेटिसने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा) अजिबात नाही. डायबेटिसने किडनीचं एवढं नुकसान केलं असेल तर डोळ्यात काहीतरी खूण दिसायला हवी असं साधारण गणित असतं, म्हणून नेफ्रोलॉजिस्टनी बायोप्सी सुचवली.

बाई घाबरलेल्या होत्या. "डॉक्टर, तुमच्याकडे ती नवीन आरएनएची टेस्ट चालू आहे ना, तीच करा की. सुई कशाला?"

कोणीतरी त्यांना आमच्या स्टडीबद्दल सांगितलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "ताई, ती टेस्ट अजून आमचीच परीक्षा देतेय. आणि ती पास झाली तरी किडनीत व्रण आहे एवढंच सांगेल, कशामुळे आहे ते नाही सांगणार."

बायोप्सी झाली. निघाली आयजीए नेफ्रोपॅथी (किडनीत आयजीए नावाची अँटिबॉडी साचण्याचा आजार), डायबेटिसबरोबर वेगळा आजार, ज्याच्या उपचाराचा विचार वेगळा करावा लागतो. फायब्रोसिसचा कुठलाही मार्कर इथे दोन्ही आजारात बदललेलाच दिसला असता. आयजीए नेफ्रोपॅथीत मिर-१४८बी वर चांगलं काम झालंय, हा पांढऱ्या पेशींमध्ये वाढला की आयजीए-१ वर साखर लावणाऱ्या एन्झाइमला दाबतो, २०१२ पासून हे माहितीये, पण एका पेशंटचं निदान त्यावर ठेवावं इतकं ते पक्कं नाही. या प्रसंगाने टीममधल्या चर्चेचा सूर बदलला असं मला वाटतं. तोपर्यंत प्रश्न होता पेपरचं काय करायचं, नंतर प्रश्न झाला की हा आकडा कोणाच्या तरी केसपेपरवर गेला तर काय होईल.

पर्याय

मीटिंगमध्ये चार रस्ते टेबलावर आले.

एक, आहे तसा पेपर पाठवायचा आणि शेवटी 'मर्यादा' या परिच्छेदात हिमोलिसिसचा उल्लेख करायचा. हा पर्याय कोणी हसण्यावारी नेला नाही, कारण ज्या मुलीने दोन वर्षं हे काम केलं तिची फेलोशिप संपत आली होती आणि पेपर नसला तर तिचं पुढचं सगळं अडणार होतं. पण मर्यादा म्हणजे निकाल थोडा सैल होणं, इथे तर निकालच त्या मर्यादेने बनलेला होता.

दुसरा रस्ता स्टॅटिस्टिक्सचा, हिमोलिसिसचा स्कोअर मॉडेलमध्ये घालायचा आणि त्याचा परिणाम वजा करायचा. ऐकायला छान वाटतं. पण ज्यांनी डेटा बघितला त्या स्टॅटिस्टिशियन बाईंनी एक ग्राफ काढून दाखवला, एका बाजूला स्वच्छ सॅम्पल सगळी स्थिर पेशंटची, दुसऱ्या बाजूला खराब सगळी घसरलेल्यांची, मधे दोन्ही गट एकत्र आहेत असा भाग जेमतेम. जिथे दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्याच होत नाहीत तिथे कुठलंही मॉडेल त्या सुट्या करून देऊ शकत नाही.

तिसरा, खराब सॅम्पल काढून टाकायची आणि उरलेल्यांवर पुन्हा बघायचं. चौथा, सगळं नव्याने, आजपासून येणाऱ्या पेशंटचं रक्त आणि लघवी एकाच पद्धतीने घ्यायची आणि ईजीएफआर कसा जातो ते बघत बसायचं, म्हणजे पुढची काही वर्षं गेली.

काय केलं

तिसरा रस्ता तपासणी म्हणून, चौथा खरं काम म्हणून, असं ठरलं. वाद झाला तो कुठली सॅम्पल 'खराब' म्हणायची यावर, कारण इथे हात ढिला सोडला की आपल्याला हवं ते ठेवून नको ते काढता येतं. म्हणून नियम आधी लिहून, सही करून ठेवला आणि मगच कोणती ट्यूब कोणत्या गटाची हे उघडलं. नियम असा की मिर-२३ए-३पी आणि मिर-४५१ए यांच्या सायकलमधला फरक काढायचा, मिर-२३ए हिमोलिसिसने फारसा हलत नाही, त्यामुळे हा फरक ७ च्या वर गेला की सॅम्पल बाद. सोबत ४१४ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो तेही बघायचं, हिमोग्लोबिनचा उंचवटा तिथेच येतो. सेल-मिर-३९ उशिरा दिसत असेल ती सॅम्पल हेपरिनेज (हेपरिन तोडणारं एन्झाइम) लावून पुन्हा चालवायची, तरीही नाही सुधारलं तर बाद. मिर-१६ वरचं नॉर्मलायझेशन बंद. त्याऐवजी यू-६ हा पेशीतला दुसरा छोटा आरएनए घ्या असंही कोणीतरी सुचवलं होतं, पण तो रक्तात आणि लघवीत भरवशाचा नाही. शेवटी सगळ्या प्लेट मिळून ज्यांची चढउतार सगळ्यात कमी अशा काही मायक्रोआरएनएंची सरासरी घेतली.

आणखी एक गोष्ट पुन्हा चालवताना बदलली. आधी घसरलेल्यांची सॅम्पल एका दिवशी, स्थिरवाल्यांची दुसऱ्या दिवशी अशी लावली गेली होती, मशीनचा, किटचा दिवसागणिक फरक पडतो तो थेट गटाच्या फरकात मिसळत होता. आता सगळी मिसळून, आणि प्लेट लावणाऱ्याला गट माहीत नाही.

नव्या कामासाठी लघवी हे मुख्य सॅम्पल ठरवलं, कारण प्लाझ्मातला मिर-२१ किडनीतून आला की हृदयातून की आणखी कुठून हे सांगता येत नाही, तो सगळीकडे असतो. लघवीतले एक्सोसोम निदान मूत्रमार्गातल्या पेशींकडून आलेले असण्याची शक्यता जास्त. पण लघवीचेही स्वतःचे हट्ट आहेत. लघवीत एरवीच असणाऱ्या टॅम-हॉर्सफॉल प्रोटीनचं जाळं एक्सोसोम अडकवून ठेवतं, ते सोडवायला डीटीटी हे रसायन लावावं लागतं. इन्फेक्शन असेल तर पांढऱ्या पेशींचा मिर-२२३ ओसंडून येतो, म्हणून आधी साधी लघवीची तपासणी, पस सेल दिसल्या तर तो नमुना त्या दिवशी घ्यायचाच नाही. पाळी चालू असेल तर तारीख पुढे. पेशंट किती पाणी प्यायलाय त्यावर सगळंच पातळ किंवा दाट होतं, म्हणून लघवीतल्या क्रिएटिनिनच्या तुलनेत मोजायचं. आणि नमुना आल्यापासून पहिल्या स्पिनपर्यंत किती वेळ गेला हे फॉर्मवर लिहिल्याशिवाय ट्यूब फ्रीझरमध्ये जाणार नाही.

निष्पत्ती

स्वच्छ सॅम्पलवर मिर-२९ए चा फरक जवळजवळ उरलाच नाही. मिर-४५१ए चा तर नाहीच नाही. मिर-२१ थोडा वर राहिला आणि काही काळ सगळ्यांना आशा वाटली, पण सॅम्पल घेतलं त्या दिवशीचा ईजीएफआर हिशोबात धरल्यावर तोही मिटला. याला कारण आहे, किडनीचं काम कमी झालं की रक्तातल्या मायक्रोआरएनएची पातळी एकूणच बदलते, क्रॉनिक किडनी डिसीज वाढलेल्या लोकांत ती कमी होते असं २०११ मध्येच दिसलंय. म्हणजे मार्कर पुढे काय होणार ते सांगत नव्हता, आज किडनी कुठे आहे तेवढंच सांगत होता, आणि ते क्रिएटिनिन आधीच सांगतं, कुठल्याही लॅबमध्ये, त्याच दिवशी.

हे थोडं रागानेच लिहितेय. मायक्रोआरएनएच्या कितीतरी पेपरमध्ये आजारी विरुद्ध निरोगी अशी तुलना करून ग्राफ छान दाखवलेला असतो. पण आजारी माणूस आजारी आहे हे सांगायला कोणाला नवीन टेस्ट नकोय. ईजीएफआर आणि अल्ब्युमिन दोन्ही हातात असताना हा मार्कर त्यात काही भर घालतो का, हा एकच प्रश्न पेशंटच्या कामाचा आहे, आणि तो बहुतेक वेळा शेवटच्या टेबलमध्येही नसतो. एका वेळी साडेसातशे मायक्रोआरएनए मोजले तर पाच टक्क्यांच्या नियमाने सदतीस-अडतीस नुसत्या नशिबाने 'महत्त्वाचे' निघतात, त्यातून एक गोष्ट विणायला फार कष्ट पडत नाहीत.

जीवशास्त्राची गोष्ट कितीही पटली तरी तिच्यावर किती भार टाकायचा हा वेगळाच प्रश्न आहे. मिर-१९२ बघा. मेसॅन्जियल पेशींमध्ये (किडनीच्या गाळण्यांना आधार देणाऱ्या) टीजीएफ-बीटाने तो वाढतो असं २००७ मध्ये दिसलं आणि ट्यूब्युलच्या (किडनीतल्या बारीक नळ्यांच्या) पेशींमध्ये तोच कमी होतो असं २०१० मध्ये. दोन्ही निरीक्षणं बरोबर, पेशी वेगळी. मग प्लाझ्मात तो वाढला तर आनंद मानायचा की काळजी? आणि मिर-२१, ज्याच्यावर उंदरांमधला पुरावा इतका भक्कम होता, त्याला दाबणारं लाडेमिर्सेन हे औषध अल्पोर्ट सिंड्रोम या आनुवंशिक किडनीच्या आजाराच्या पेशंटवर दुसऱ्या फेजपर्यंत गेलं आणि फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून २०२२ मध्ये ती ट्रायल थांबली. याचा अर्थ मिर-२१ निरुपयोगी असा नाही, पण यंत्रणा माहितीये म्हणून मार्कर चालणारच असं गृहीत धरता येत नाही.

ड्राफ्ट मागे घेतला. त्या मुलीने त्याच डेटावरून दुसरा पेपर लिहिला, सॅम्पल कसं घेतलं यावरून किडनीच्या स्टडीत निकाल कसा उलटतो यावर, जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी ठेवून. तिची फेलोशिप काही महिने वाढवून मिळाली, त्यासाठी विभागप्रमुखांनी बरंच भांडण केलं आणि ते त्यांनी केलं याचं मला मनापासून कौतुक आहे. लघवीच्या कामासाठीचा नवा कोहोर्ट (पुढे लक्ष ठेवायचा पेशंटचा गट) जमतोय. त्याचा निकाल यायला वेळ आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त जागा होती फ्रीझर उघडण्याआधीची. जुन्या सॅम्पलपैकी मूठभर काढून त्यांची ४१४ नॅनोमीटरची तपासणी अर्ध्या दिवसात झाली असती, दोन्ही गटांत फरक तिथेच दिसला असता आणि पॅनेलवर (एका वेळी बरेच मायक्रोआरएनए मोजणाऱ्या किटवर) खर्च करण्याआधी स्टडीचा आराखडा बदलता आला असता. जुनी सॅम्पल वापरूच नयेत असं मी म्हणणार नाही, ती नसती तर कित्येक चांगले निकाल आलेच नसते, पण ती कशी घेतली गेली हे ज्याला सांगता येत नाही ते सॅम्पल मायक्रोआरएनएसाठी नसल्यात जमा. साध्या क्रिएटिनिनला तेच सॅम्पल चालून जातं, इथे नाही.

स्टॅटिस्टिशियन बाई निकाल आल्यावर बोलावल्या गेल्या. त्या पहिल्या मीटिंगला असत्या तर घसरलेले वॉर्डातून आणि स्थिर ओपीडीतून, हे त्यांनी चालू दिलं नसतं असं त्या स्वतःच म्हणाल्या. तुलनेचे दोन्ही गट एकाच खुर्चीवरून यायला हवेत, हे वाक्य आता प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर आहे.

एका मुद्द्यावर टीममध्ये अजूनही एकमत नाही. काहींचं म्हणणं, झपाट्याने घसरणारे विरुद्ध स्थिर अशी तुलनाच सोडून द्यावी आणि फक्त ज्यांचा अल्ब्युमिन कमी असूनही ईजीएफआर घसरतोय अशांवर लक्ष द्यावं, कारण तिथेच आजच्या टेस्ट कमी पडतात, मार्करची खरी गरज तिथेच. दुसरी बाजू म्हणते असे पेशंट थोडे, पुरेसे जमायला फार वर्षं लागतील. मी पहिल्या बाजूची आहे. सध्या तडजोड म्हणून कोहोर्टमध्ये सगळे घेतोय, पण कमी अल्ब्युमिनवाल्यांचं विश्लेषण वेगळं करायचं हे आत्ताच लिहून ठेवलंय, निकाल बघून नंतर सुचलं असं होऊ नये म्हणून.